‘अनस्पेसिफाइड’ म्हणजे कोणी विचारलंच नाही

सोलापुरात घरी बसून मी अमेरिकेतल्या पेशंटचे आजार आकड्यांत लिहिते. या कामाला मेडिकल कोडिंग म्हणतात. डॉक्टरांची नोंद वाचायची, निदानाला आयसीडीच्या यादीतला कोड लावायचा, मग तो क्लेम विमा कंपनीकडे जातो. ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात भरवतात: नोंदीत जेवढा तपशील असेल, तेवढा नेमका कोड लावा. ‘अनस्पेसिफाइड’ सगळ्यात शेवटी, नोंदीत खरंच काही नसेल तेव्हा.

या यादीतल्या एका कोडचा मला राग आहे. एफ५२.९. लैंगिक समस्या, अनिर्दिष्ट, शारीरिक आजारामुळे नसलेली.

हे परत एकदा वाचा. समस्या कोणती ते माहीत नाही. पण ती शरीराची नाही, हे मात्र पक्कं माहीत आहे! पोट दुखतंय म्हणून गेलात आणि डॉक्टर म्हणाले, ‘काय झालंय कळत नाही, पण पोटाचं नक्की नाही,’ तर तुम्ही दुसरा डॉक्टर गाठाल. इथे मात्र आपण मान खाली घालून घरी येतो. कारण ‘एफ’ हे मानसिक आजारांचं प्रकरण आहे, आणि ‘हे सगळं मनाचं असतं’ हे आपल्याला आधीच पटलेलं असतं.

मनाचं असतंही. पण आधी शरीर तपासायला नको? लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे ताठरतेची अडचण कधी कधी हृदयविकाराच्या काही वर्षं आधी दिसते. शुगर, ब्लडप्रेशर, तंबाखू, दारू, बीपीच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या, यांतलं काहीही कारण असू शकतं. अमेरिकन यादीत यासाठी वेगळे कोड आहेत: रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे वेगळा, औषधामुळे वेगळा, ऑपरेशननंतरचा वेगळा. टेक्सासमधल्या माणसाच्या शुगरमुळे आलेली अडचण मी दोन कोड जोडून नेमकी लिहिते. माझ्या गल्लीतल्या माणसाच्या कागदावर काय असतं?

तेही सांगते. आमच्या ओळखीतले एक काका यंत्रमागावर काम करतात, वय सेहेचाळीस. ‘कमजोरी’ म्हणून एका दवाखान्यात गेले. आपल्याकडे बेडरूमची तक्रार याच शब्दाखाली सांगतात, हे त्या डॉक्टरांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. केसपेपरवर आलं ‘जनरल वीकनेस’, हातात आली टॉनिकची बाटली. रक्ताची तपासणी नाही. दोन वर्षांनी पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा शुगर सापडली. शरीराने आधीच सांगितलं होतं. ऐकणाऱ्याने लिहून घेतलं नाही.

बायकांचं तर त्याहून पुढचं. संबंधांच्या वेळी दुखणं, स्नायू आखडून शरीर बंद होणं, या दोन्हींना आयसीडी-१० मध्ये स्वतंत्र कोड आहेत: एफ५२.६ आणि एफ५२.५. पण विडी वळणारी एखादी बाई ‘दुखतंय’ कुणाला आणि कोणत्या शब्दांत सांगणार? ती ‘अंगावर पांढरं जातंय’ म्हणते, ‘कंबर धरते’ म्हणते. तेवढंच लिहिलं जातं, आणि तिची तक्रार ‘अनस्पेसिफाइड’पर्यंतसुद्धा पोहोचत नाही.

दवाखान्याने मोकळी सोडलेली ही जागा भरायला भिंती तयार आहेत. एसटी स्टँडच्या आसपास नजर टाका: गुप्तरोग, मर्दानगी, एका कोर्समध्ये खात्री. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरी रंग वाळत नाही. ‘धातू जातो’ या भीतीवर कित्येकांचे संसार चालतात. या भीतीला डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं आणि ती आयसीडी-१० मध्ये एफ४८.८ खाली नोंदलीही गेली. म्हणजे आपली भीती जिनिव्हाच्या यादीत पोहोचली, पण गावातल्या केसपेपरवर नाही.

मराठीत हे बोलायला शब्द नाहीत, असं कुणी सांगू नये. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते सरळ मराठीत उत्तरं देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण शब्द उरले. ते वापरायची लाज आपली आहे, भाषेची नाही.

आता जागतिक आरोग्य संघटनेनेही चूक सुधारली आहे. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये लैंगिक समस्या मानसिक आजारांतून काढून ‘लैंगिक आरोग्य’ या वेगळ्या प्रकरणात ठेवल्या आहेत. मन की शरीर हा वाद संपवून कारणं जोडायची सोय केली आहे: आजार, औषध, मानसिक ताण, नात्यातला तणाव, संस्कृती. आणि त्यात एक कारण आहे ‘ज्ञानाचा किंवा अनुभवाचा अभाव’. २००७ मध्ये शाळेतलं लैंगिक शिक्षण बंद करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. ज्या गोष्टीला जग निदानात कारण म्हणून लिहितं, तिला आपण संस्कार म्हणतो.

यावर डॉक्टरमंडळी दोन गोष्टी सांगतात. पहिली, ‘पेशंटची अब्रू जपायला मोघम लिहितो.’ हेतू चांगला आहे आणि भीतीही खरी आहे. कागद घरात फिरतो, सासरी जातो, कोर्टातसुद्धा जाऊ शकतो. पण अब्रू जपायची तर दार लावा, पडदा ओढा, नातेवाइकांना बाहेर बसवा, कागद कुणाच्या हाती द्यायचा ते पेशंटला विचारा. निदान पुसून अब्रू राखली जात नाही, फक्त आजार राखला जातो. दुसरी गोष्ट, ‘ओपीडीत शंभर माणसं, वेळ कुठाय?’ गर्दी आहे, मान्य. पण शुगर तपासलीय का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, तंबाखू-दारू किती, संबंधांच्या वेळी दुखतं का, हे चार प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात. टॉनिक कसं घ्यायचं ते समजावायलाही तेवढीच लागतात.

कधी कधी ‘अनस्पेसिफाइड’ प्रामाणिक असतं. तपासण्या व्हायच्या आहेत, पहिलीच भेट आहे, तेव्हा तसं लिहिणंच बरोबर. माझा राग पहिल्या भेटीवर नाही. तोच शब्द चौथ्या भेटीतही कागदावर बसून असतो, त्यावर आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, कारण हे वाचणारे बहुतेक विशी-तिशीत आहेत आणि रात्री दोन वाजता हेच प्रश्न फोनला विचारतात. डॉक्टरांसमोर ‘कमजोरी’ म्हणू नका. काय होतंय, कधीपासून, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढं फोनमध्ये लिहून न्या. बोलवत नसेल तर स्क्रीन दाखवा. आणि कागद हातात आला की विचारा, ‘डॉक्टर, निदान काय लिहिलंत?’ उत्तर टॉनिकचं नाव असेल, तर खुर्चीवरून उठू नका.