विजेच्या माथी वणवा

मागे एकदा मार्च महिन्यात चाळीसगावहून रात्री घरी परतत होतो. कन्नडचा घाट अर्धा चढून आलो, तर समोरच्या डोंगरावर नारिंगी रंगाची एक वाकडीतिकडी रेघ दिसली. लांबून पाहताना पणत्यांची ओळ लावल्यासारखे वाटत होते आणि गाडीतल्या मुलांना तर ते दृश्य फारच आवडले. चालकाने एका वळणावर गाडी बाजूला घेतली, काच खाली केली. जळक्या पानांचा वास आत आला. "वीज पडली असंल," तो म्हणाला. मी वर पाहिले. आभाळ चांदण्यांनी भरले होते आणि ढगाचा मागमूस नव्हता. पावसाळा अडीच-तीन महिने लांब. तरी त्याच्या बोलण्यात शंका नव्हती, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मलाही ते पटले. डोंगर पेटला की वीज पडली असेल, नाहीतर बांबूवर बांबू घासला असेल, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

तो डोंगर गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा. १९८६ साली जाहीर झालेले हे अभयारण्य कन्नड आणि चाळीसगाव तालुक्यांत मिळून सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरले आहे. राज्यात सर्वांत कमी जंगल ज्या विभागात आहे, त्या मराठवाड्याच्या दृष्टीने ही ठेव लहान नव्हे. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत या जंगलात पोहोचला, तेव्हा आपल्या शहरातल्या पुष्कळांना गौताळ्याचे नाव प्रथमच नीट कळले. वाघाला ठाऊक होते, आपल्याला नव्हते!

विजेने जंगल पेटते का? पेटते, आणि फार मोठ्या प्रमाणावर पेटते. पण बहुतांशी दुसरीकडे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात गिला नावाचे डोंगराळ रान आहे. १९२४ साली त्याला 'निर्जन रान' म्हणून संरक्षण मिळाले. रस्ता नाही, वस्ती नाही, यंत्र न्यायचे नाही, असे जाणूनबुजून राखलेले जगातले ते पहिले रान मानतात. २०१२ च्या मे महिन्यात तिथे विजेने लागलेल्या दोन आगी एकमेकींना मिळाल्या आणि जवळजवळ तीन लाख एकर रान जळले. आपली चार गौताळा अभयारण्ये त्यात बसून वर जागा उरेल. २०२० च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात चार-पाच दिवसांत हजारो विजा कोसळल्या, त्यांतून सहाशेच्या वर आगी लागल्या आणि त्यांतल्या काही एकत्र होऊन झालेला एकच वणवा दहा लाख एकरांच्या पुढे गेला.

तिकडे असे का होते आणि इकडे का होत नाही, याचे उत्तर पावसात आहे. तिकडच्या कोरड्या डोंगरांवर ढग फार उंचावर असतो. त्यातून निघालेला पाऊस खाली येईपर्यंत हवेतच विरून जातो, वीज मात्र जमिनीला पोहोचते. तिला 'कोरडी वीज' म्हणतात. शिवाय प्रत्येक वीज आग लावत नाही. विजेच्या वाटेतली हवा क्षणार्धात तीस हजार अंशांच्या आसपास तापते, पण तो क्षण इतका छोटा असतो की लाकूड फुटते, पेटत नाही. काही विजांमध्ये मात्र प्रवाह थोडा रेंगाळतो. सेकंदाचा दहावा हिस्सा म्हणा. तेवढा वेळ वाळलेल्या पाल्याला पुरतो. मग ती आग झाडाच्या बुंध्याशी, कुजलेल्या थरात, कधी आठवडाभरही धुमसत राहते आणि वारा सुटला की डोके वर काढते.

आपल्याकडे वीज येते ती वळवाच्या पावसाबरोबर किंवा मोसमी पावसाच्या तोंडावर. ती आग लावतच नाही असे नाही, पण मागून येणारी सर बहुतेक वेळा ती विझवून टाकते. उलट आपले वणवे पेटतात फेब्रुवारी ते मे या काळात, जेव्हा आभाळ निरभ्र असते. वनखात्याचा आगीचा हंगामच १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरलेला आहे. आणि बांबूचे म्हणाल, तर गौताळ्याच्या साग, सालई, धावड्याच्या रानात आग लावायला बांबूची वाट कोण पाहतो? भारतातल्या वणव्यांपैकी बहुसंख्य माणसाच्या हातून लागतात, हे वनखाते आणि अभ्यासक कित्येक वर्षे सांगत आहेत.

म्हणजे आपल्याकडची वीज निरुपद्रवी असे मात्र समजू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात वीज पडून २८८७ माणसे मेली. त्यांतली बहुतेक शेतात होती, गुरांमागे होती, झाडाखाली आडोशाला उभी होती. एप्रिल-मे आला की मराठवाड्यातल्या बातम्यांत वीज पडून बैल दगावला, शेतमजूर महिला गेली, हे दर दोन दिवसांनी वाचायला मिळते. तिथे वीज खरोखरच गुन्हेगार असते, आणि तिथे तलाठी येतो, पंचनामा होतो, मदत मिळते. डोंगर जळतो तेव्हा मात्र कागदावर 'अज्ञात इसम' येतो आणि पारावर वीज येते.

हा अज्ञात इसम कोण? त्याची माहिती गावोगाव असते. बांध साफ करायला काडी लावली आणि वारा फिरला, हा एक. राख झाली की नवे गवत जोमाने फुटते या समजुतीने कुसळीचे माळ पेटवणारा, हा दुसरा. मोहाचे पोळे काढताना धूर करून मशाल तिथेच टाकणारा, आणि घाटात गाडी थांबवून सिगारेटचे थोटूक दरीत भिरकावणारा. हा शेवटचा आपल्यापैकीच, शहरातला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलाला आग लावणे हा गुन्हा आहे. पण कायद्याचा बडगा पडला तर तो गुराख्यावर पडतो, थोटूक टाकणाऱ्यावर पडल्याचे मी तरी ऐकलेले नाही. गुराख्याची बाजू घेण्याचा हेतू नाही. पण ज्याची चार जनावरे मे महिन्यात त्याच डोंगरावर जगायची असतात त्याला चाऱ्याची दुसरी सोय न देता नुसता दम दिला, तर तो रात्री काडी लावील, एवढे समजायला तज्ज्ञ लागत नाही.

काही मंडळी असा युक्तिवाद करतात की आग ही निसर्गाचाच भाग आहे. अमेरिकेतही ती जळू देतात. अर्धे खरे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९७२ पासून विजेने लागलेली आग, वस्तीला धोका नसेल तर, आपोआप विझू द्यायचे धोरण होते. १९८८ च्या उन्हाळ्यात तिथे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उद्यान आगीच्या तडाख्यात सापडले, देशभर गदारोळ झाला, आणि शेवटी सप्टेंबरमधल्या बर्फाने ती आटोक्यात आली. पण त्या आगींतली सर्वांत मोठी माणसाच्या सिगारेटमुळे लागली होती! धोरण पुढे कडक झाले तरी मोडीत काढले गेले नाही, कारण तिथल्या पाइनच्या काही शंकूंना उघडायला आगच लागते आणि एकदा जळलेल्या जागी पुढची आग यायला अनेक वर्षे जातात.

गौताळ्याचे गणित निराळे आहे. तिथली आग बहुधा जमिनीवरून सरपटते. मोठा साग काळा पडतो, पण जगतो. मरतात ती रोपे. जो डोंगर दोन-तीन वर्षांआड जळतो, तिथे उद्याचे झाड तयारच होत नाही. म्हातारी झाडे तेवढी उरतात. तितर-लाव्यांची जमिनीवरची घरटी जातात. आणि जूनमधली पहिली दमदार सर राखेबरोबर मातीही घेऊन खाली जाते. गोदावरीला मिळणारी पूर्णा याच अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. लेण्यांच्या पायथ्याची वाघूर उत्तरेला तापीकडे वळते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मराठवाड्याने आपल्या नद्यांच्या उशाशी वणवे लागू द्यावेत, याला काय म्हणावे?

एक सूक्ष्म धोका पुढे आहे. तापमान वाढले की विजाही वाढतील, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. अमेरिकेच्या मुख्य भूमीपुरता २०१४ चा अंदाज दर अंशाला सुमारे बारा टक्क्यांचा होता. आपल्याकडे नेमके काय होईल हे त्यावरून ठरवता येणार नाही. पण एप्रिलमध्ये मराठवाड्यात ढग उंच असतो आणि पाऊस वरच्या वर सुकतो, हा अनुभव आपला सर्वांचा आहे. उद्या एखाद्या वर्षी कोरडी वीज खरोखर डोंगर पेटवील, आणि तोवर आपण विजेचे नाव इतक्यांदा खोटे घेतलेले असेल की खरे कोणते ते कळणार नाही.

शोधायची साधने आता आहेत. देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांवरून आगीचे इशारे देत आले आहे. आधी एक किलोमीटरचा ठिपका दिसे. नंतरच्या उपकरणांत तो ३७५ मीटरपर्यंत बारीक झाला. संदेश वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. पण संदेश आल्यावर डोंगर चढायचा असतो माणसालाच. जाळरेषा वेळेवर काढलेली नसेल, हाती पाला उडवणारे यंत्र नसेल, तर ओल्या फांद्यांनी झोडपणे एवढाच उपाय उरतो. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्यात आग विझवताना तीन हंगामी वनमजूर होरपळून मेले. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक पदभ्रमंती करणारे गेले, त्याची देशभर चर्चा झाली. नागझिऱ्याच्या त्या तिघांची नावे आज किती जणांना आठवतात?

त्या रात्री घाटात आम्ही वनखात्याला फोन लावायचा प्रयत्न केला. रेंज नव्हती. वर, आगीच्या रेघेच्या कडेला, दोन-तीन विजेऱ्या हलताना दिसत होत्या; कुणीतरी आधीच पोहोचले होते. धाकट्याने विचारले, "ते तिथं काय करतायत?" चालकाने सांगितले, "फांद्यांनी मारतायत." मग तो बराच वेळ गप्प होता. घाट संपल्यावर आपण होऊन म्हणाला, "वीज नसंल हो. बांध जाळताना गेली असंल कुणाची."