खाज असलेल्यांचा बाजार

मंडळी, आपण थँक्यू फार सढळ हाताने वाटतो. लिफ्टचं दार धरणाऱ्याला थँक्यू, पिझ्झा आणणाऱ्याला थँक्यू, ‘रिपोर्ट आज रात्रीच पाठव’ म्हणणाऱ्या बॉसलासुद्धा थँक्यू! मग एक थँक्यू एका वेबसाइटला म्हणायला काय हरकत आहे?

तिचं नाव इच डॉट आयओ. इच म्हणजे खाज. चारचौघांत सांगायला जरा अवघड, पण नाव एकदम करेक्ट! पोटापाण्याचं काम उरकून रात्री जागून कॉम्प्युटर गेम बनवायची खाज ज्यांना असते, त्यांचा हा बाजार. लेफ कॉर्कोरन नावाच्या प्रोग्रामरने २०१३ मध्ये तो सुरू केला.

गेम विकायला दुकानं काय कमी आहेत? पण तिथला हिशेब बघा. गूगल प्लेवर खातं उघडायचे २५ डॉलर. ॲपलकडे दर वर्षाला ९९. स्टीमवर प्रत्येक गेममागे १०० डॉलर आधी भरायचे, वर विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा त्यांचा. महिन्याला पगार जमा होणाऱ्या आपल्यासारख्यांना हे आकडे किरकोळ वाटतील. पण गावाकडे कॉलेज करणाऱ्या पोराचं काय?

इचवर दुकान मांडायला पैसे पडत नाहीत. खरी गंमत पुढे आहे. साइटने आपल्या विक्रीतला किती वाटा घ्यायचा, हे विकणाराच ठरवतो! काहीच ठरवलं नाही तर १० टक्के, आणि शून्य टाकलं तरी कुणी डोळे वटारत नाही. गेम फुकट ठेवा, नाहीतर ‘एवढे तरी द्या, वर तुमची मर्जी’ असं सांगा. थोडक्यात, आपला आठवडी बाजार. पोतं अंथरायचं आणि बसायचं.

माझं गाव शिरड शहापूर, जिल्हा हिंगोली. औंढा नागनाथला जाणारे आणि मल्लिनाथाच्या जैन मंदिरात येणारे सोडले, तर बाहेरच्यांना फारसं माहीत नसलेलं. माझ्या चुलतभावाने तिथे बसून गोडो हे फुकटचं सॉफ्टवेअर शिकून घेतलं आणि एक छोटुसा गेम बनवला. टँकर येतो, घागरी रांगेत लावायच्या, मध्येच घुसणाऱ्या काकूंना थोपवायचं. बास! काकांच्या लेखी हा सगळा टाइमपास. पोराने एमपीएससीचा अभ्यास करावा, हे त्यांचं पालुपद.

गेम इचवर फुकट ठेवला होता. ब्राझीलमधल्या कुणीतरी तो खेळला, आपणहून दोन डॉलर ठेवले आणि विचारलं, “पाण्याची गाडी रोज का येत नाही?”

काकांचा मला फोन. “हा माणूस आपल्या वळखीचा हाय का?”

“नाही, काका.”

“मग पैसे कामून दिले?”

“आवडलं म्हणून.”

काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “आपल्या टँकरचं त्याला आवडलं?”

दोन डॉलरने घर चालत नाही, एमपीएससीचा क्लासही सुटलेला नाही. पण ‘टाइमपास’ हा शब्द त्या घरात पुन्हा ऐकू आलेला नाही. मला विचाराल, तर थँक्यू त्याबद्दल आहे.

आणि ही काही एकट्याची गोष्ट नाही. आपली हद्द ओलांडून गुजरातेत शिरलं की वापीजवळ चला नावाचं गाव आहे. स्टुडिओ ओलिओमिंगस तिथला. ध्रुव जानी आणि त्यांचे साथीदार ब्रिटिश राजवटीच्या इतिहासावर विचित्र, देखणे गेम करतात. त्यांचा ‘इन द पॉज बिट्वीन द रिंगिंग’ २०१९ मध्ये इचवर आला. असले गेम मॉलच्या शोकेसमध्ये कोण मांडणार?

हा बाजार वेळेला उभाही राहतो. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या वर्णभेदविरोधी कामासाठी इचवर गेम्सचा एक गठ्ठा विकायला ठेवला गेला. किंमत किमान पाच डॉलर, आत १,७०० हून जास्त वस्तू, सगळ्या करणाऱ्यांनी दान दिलेल्या. जमले ८० लाख डॉलरच्या वर!

सगळं गोड गोड आहे असं नाही. जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावामुळे इचने प्रौढांसाठीचे हजारो गेम्स सर्चमधून अचानक काढले, तेही करणाऱ्यांना आधी न कळवता. बाजार कितीही मोकळा असो, गल्ल्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते, हे तेव्हा कळलं.

म्हणून नुसतं थँक्यू पुरत नाही, दोस्तहो. या वीकेंडला कॉफी शॉपमध्ये दोघांचं बिल देताना एवढंच आठवा, की त्यातल्या एका कॉफीच्या पैशात कुणाच्या तरी घरचं पालुपद थांबू शकतं. तेवढे पैसे एखाद्या अनोळखी पोराच्या पोत्यावर ठेवा. आणि गेम खेळून झाला की दोन ओळी जरूर लिहा. त्याला उत्तर द्यायला फार आवडतं!