खिशांतला कॅमेरा आणि मुंजीचीं चित्रें

सदरांत, रेसिडेन्सी रोडच्या बाजूस, हल्लीं सायंकाळीं कॉलेजांतील मुली पंधरा-वीस वर्षांपूर्वींचे खिशांतले डिजिटल कॅमेरे घेऊन एकमेकींचीं चित्रें काढतांना दिसतात. वडिलांच्या कपाटांतून शोधून काढलेले हे कॅमेरे. त्यांतील पांढुरक्या चेहऱ्यांस त्या 'जुनें रूप' म्हणून वाखाणतात. हौसेला मोल नाहीं! परंतु अशाच एका कॅमेऱ्यावर विसंबून येत्या वैशाखांत एका परिचित घरीं मुंजीचीं चित्रें घेण्याचें घाटत आहे असें आमच्या कानीं आलें, म्हणून हा लेखनप्रपंच.

या यंत्राच्या बहुतेक उणिवांचें मूळ त्याच्या लहानपणांत आहे. जुन्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर लांब व २४ रुंद असे. या कॅमेऱ्यांतील प्रकाश टिपणारा सेन्सर बहुधा ६.२ लांब व ४.६ रुंद, म्हणजे क्षेत्रफळानें फिल्मचा सुमारें तिसावा हिस्सा. त्यावर मेगापिक्सेल वाढवीत नेले म्हणून चित्र सुधारत नाहीं. ओसरी तेवढीच ठेवून पानें दुप्पट मांडलीं तर प्रत्येकास जागा कमीच मिळणार. येथें कमी मिळतो तो प्रकाश. म्हणून माजघरांतल्या मंद उजेडांत चित्रावर रवा सांडल्यासारखे ठिपके उठतात. फ्लॅश लावावा, तर तो तीन-चार मीटरांपलीकडे पोंचत नाहीं, आणि भिंगाच्या अगदीं शेजारीं असल्यामुळें डोळे तांबडे दाखवितो. वैशाखांतल्या नागपुरी उन्हांत मांडवाबाहेर आलें कीं मागील पडदा दिसेनासा होतो. डोळा लावावयास झरोका बहुतेकांस नाहींच.

परंतु हें सर्व सोसवेल. न सोसणारा दोष विलंबाचा. कळ दाबल्यावर भिंग पुढें-मागें सरकून स्पष्टता शोधतें, आणि उजेड कमी असल्यास त्यांत कधीं कधीं सबंध सेकंद जातो. (१९७५ सालीं कोडॅकचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांच्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यास एक चित्र टेपवर नोंदावयास २३ सेकंद लागत, हें खरें, पण त्यांस मुंज टिपावयाची नव्हती.) मातृभोजनांत आई बटूच्या मुखीं घास देते तो क्षण एका सेकंदाचाच असतो. आमच्या माहितीच्या एका घरीं २००९ सालीं भिक्षावळ घालणाऱ्या पणजीबाईंचें चित्र असेंच हुकलें. उमटली ती त्यांची पाठ व रिकामें तबक. पुढील वर्षीं त्या निवर्तल्या. घरांत त्यांचें त्या दिवसाचें दुसरें चित्र नाहीं.

मोबाइलचा सेन्सरही लहानच. परंतु तो एका क्षणांत अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक करतो, ही युक्ति या जुन्या कॅमेऱ्यांत बहुधा नाहीं. २००८ सालीं जगांत असे १० कोटींहून अधिक कॅमेरे विक्रीस गेले, २०२३ सालीं २० लाखही नाहींत, तें उगीच नव्हे.

तरीही मुलींचा आग्रहच असेल, तर कॅमेरा पानावर रोखून कळ आधींपासून अर्धी दाबून धरावी. स्पष्टता आधींच साधलेली राहते, आणि घास उचलतांच ती पुरी दाबावी. डिजिटल झूम बंद ठेवावा. तो कांहीं जवळ आणीत नाहीं, असलेलेंच चित्र कापून मोठें करतो; त्यापेक्षां दोन पावलें पुढें सरकावें. कार्डावरील चित्रें त्याच रात्रीं दुसरीकडे उतरवून निवडक कागदावर छापून घ्यावीं. आणि इतकीं वर्षें कपाटांत पडलेली बॅटरी फुगलेली दिसली तर ती चार्जरला मुळींच लावूं नये.