मर्यादा हवी, पण ती घालणार कोण?

ब्रिटिश संसदेने २०२३ साली संमत केलेल्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यातील वयपडताळणीची तरतूद २५ जुलै २०२५ पासून लागू झाली. अश्लील सामग्री दाखवणाऱ्या संकेतस्थळांना आता ग्राहक अठरा वर्षांवरील असल्याची खात्री करून घ्यावी लागते. ‘मी सज्ञान आहे’ या चौकटीवर टिचकी मारली की दार उघडे, हा पोरखेळ तेथे संपला. व्यक्तिस्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्या समाजाला मर्यादेची आठवण झाली, याचे स्वागतच केले पाहिजे.

मात्र त्याच महिन्यात आणखी एक घटना घडली. ऑस्ट्रेलियातील ‘कलेक्टिव्ह शाउट’ या संघटनेने बलात्कार व निषिद्ध संबंधांचे चित्रण करणाऱ्या संगणकीय खेळांविरुद्ध पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपन्यांना साकडे घातले. ‘स्टीम’ने काही खेळ हटवले, ‘इच डॉट आयओ’ने तर सरसकट सर्वच प्रौढ खेळ शोधयादीतून काढले. पुढे मास्टरकार्डने आपण कोणत्याही खेळावर निर्बंध घालायला सांगितले नसल्याचे जाहीर केले, तर मध्यस्थ कंपन्यांनी मास्टरकार्डच्याच नियमावर बोट ठेवल्याचे ‘स्टीम’च्या चालकांनी सांगितले. निर्णय झाला, पण निर्णयकर्ता कोणीच नाही!

असले विकृत खेळ गेले म्हणून अश्रू ढाळण्याचे कारण नाही. प्रश्न अधिकाराचा आहे. संसदेच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देता येते, लोकप्रतिनिधीला जाब विचारता येतो. कंपनीच्या अंतर्गत नियमावर दाद कोठे मागायची? आज अश्लीलतेवर उगारलेला हात उद्या अन्यत्रही पडू शकतो. मार्च २०२२ मध्ये व्हिसा व मास्टरकार्ड यांनी रशियातील कामकाज थांबवले, ते जगाने पाहिले आहे. २०१२ साली रुपे व २०१६ साली यूपीआय उभारून भारताने दाखवलेली दूरदृष्टी म्हणूनच मोलाची. स्वदेशी म्हणजे केवळ साबण-मंजन नव्हे. व्यवहाराची किल्ली आपल्या हाती असणे, हेही स्वदेशीच.

आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. परंतु कायद्याचा पहारा उंबरठ्यापर्यंतच असतो. ब्रिटनमध्ये कायदा लागू होताच त्याला बगल देणाऱ्या व्हीपीएनची मागणी वाढली. मुलाच्या हाती मोबाइल देऊन निश्चिंत होणाऱ्या पालकाची उणीव कोणतीही संसद भरून काढू शकत नाही. नियम शासनाने करावेत. संस्कार मात्र घरातच व्हावे लागतात.