नुसतं ओके म्हणून कसं चालेल?

परवा रात्री शेजारच्या काकूंचा फोन. ‘ये गं जरा, हा कॉम्प्युटर ऐकत नाहीये!’

काकांच्या स्मरणाची प्रार्थना होती. नातीला इंग्रजीतून वचन वाचायचं होतं. काकांच्या अक्षरातली चिठ्ठी समोर: मत्तय १७:२१. मुलाने टाकून दिलेल्या बायबल स्टडी सॉफ्टवेअरमध्ये मी ते टाइप केलं आणि टण्ण! पिवळा त्रिकोण, ‘इनव्हॅलिड रेफरन्स’. खाली एकच बटण, ओके.

काकूंचा चेहरा उतरला. ‘ह्यांनी चुकीचं लिहिलं होय?’

नाही हो! नव्या करारातल्या वचनांना आज वापरतो ते आकडे मुद्रक रोबेर एतिएनने १५५१ मध्ये दिले. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये हे प्रार्थना आणि उपवासाचं वचन आहे. पण सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत ते मुळात नाही. म्हणून एनआयव्हीसारखी नवी भाषांतरं ते तळटीपेत देतात. आकडे मात्र जुनेच, त्यामुळे २० नंतर थेट २२!

‘हे वचन इथे तळटीपेत आहे, किंग जेम्स उघडा.’ एवढी एक ओळ लिहायला काय जात होतं? सॉफ्टवेअरला माहीत नव्हतं, तर चूक वाचणाऱ्याची कशी? ऑफिसात असा मेसेज आला की आपणही आधी स्वतःवरच संशय घेतो ना?

मी भाषांतर बदललं. वचन आलं. काकूंनी चिठ्ठीवरून हात फिरवला. ‘बघ, बरोबर होते हे!’