न्हाणीघरातली भट्टी

थंडी पडू लागली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास दिसते. अंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, दार तोडले, आत ती निपचित पडलेली होती. मथळा असतो, ‘गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू’. वाचणाऱ्याला वाटते, गिझरमधून गॅस गळला असणार. मग आपल्या घरची नळी तपासली जाते, वास येतो का ते पाहिले जाते आणि मन निश्चिंत होते. पण अशा घटनांत पुष्कळदा गळती झालेलीच नसते. गॅस व्यवस्थित पेटलेला असतो, फक्त तो पुरता जळण्याइतकी हवा तिथे नसते. आणि त्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास.

कोणतीही भट्टी इंधन आणि हवा यांच्या मेळावर चालते. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये किती हवा सोडायची हे पंखे आणि झडपा ठरवतात. धुराड्यातून जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला हे मोजले जाते. हवा हिशोबापेक्षा थोडी जास्तच दिली जाते, कारण ती कमी पडली की कार्बन अर्धवट जळतो. एवढे करून बॉयलरवर परीक्षा उत्तीर्ण झालेला, प्रमाणपत्रधारक माणूस लागतो. न्हाणीघरातला गॅस गिझर हीदेखील एक भट्टीच आहे. तिच्यावर मात्र कोणाचे लक्ष नसते.

तिचा हिशोब मांडून पाहावा. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला सुमारे एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजीला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांच्या आणि ८ फूट उंचीच्या न्हाणीघरात सगळी मिळून हवा असते जेमतेम साडेपाच घनमीटर. हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत बिघडू लागते. खोली पूर्ण बंद असेल तर या हिशोबाने त्याला चार-पाच मिनिटे पुरतात. दाराखालच्या फटीमुळे हा वेळ थोडा वाढतो, एवढेच. शिवाय जळलेला वायू बाहेर जायला वाट नसेल तर तोच पुन्हा बर्नरमध्ये ओढला जातो आणि जळणे आणखी बिघडते.

इंधनाची बाजूही सांभाळावी लागते. पाइपने येणारा नैसर्गिक वायू आणि सिलिंडरमधला एलपीजी यांना लागणारी हवा वेगवेगळी, म्हणून बर्नरच्या जेटचे भोकही वेगळे असते. पाइपच्या गॅसचा गिझर घर बदलताना तसाच सिलिंडरला जोडला, तर मोठ्या भोकातून गरजेपेक्षा जास्त इंधन येते आणि हवा अपुरी पडते. वर्षानुवर्षे साफ न केलेल्या गिझरमध्ये काजळी साचून वायूची वाट अडते. निळ्याऐवजी पिवळी ज्योत, गिझरच्या अंगावर काळे डाग, या त्याच्या खुणा आहेत. ज्योत विझली तर गॅस बंद करणारी सोय अनेक गिझरमध्ये असते, पण ती फक्त ज्योतीवर लक्ष ठेवते. ऑक्सिजन घटल्यावर गॅस तोडणारी सोय वेगळी असते आणि विकत घेताना तिची चौकशी क्वचितच होते.

शरीरात गेल्यावर हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, पायातले त्राण जाते. धोका लक्षात येईपर्यंत कडीपर्यंत पोहोचण्याचे बळ उरत नाही. जे वाचतात त्यांना मोकळ्या हवेत थोड्या वेळाने बरे वाटू लागते आणि ‘पित्त झाले’, ‘बीपी कमी झाले’ म्हणून प्रकरण मिटते. कोणाला झटका येतो आणि फिटची औषधे सुरू होतात. घरातल्या पल्स ऑक्सिमीटरवरही विसंबता येत नाही. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला ऑक्सिजन भरलेल्या रक्तासारखेच दिसते आणि तो ९८ असा आकडा दाखवतो.

म्हणून न्हाणीघरात चक्कर आलेल्या रुग्णाला ‘पाणी कशावर तापवता?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. संशय आला तर तपासण्यांची वाट न पाहता घट्ट मास्कने पूर्ण ऑक्सिजन सुरू करावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तेवढेच काम तास-दीड तासात होते. गर्भवतीच्या बाबतीत तर अधिकच घाई हवी, कारण पोटातल्या बाळाला धोका जास्त असतो. बरे होऊन घरी गेलेल्या काही रुग्णांत काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसराळूपणा, चिडचिड, चालण्यातला अडखळेपणा दिसू शकतो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवायला हवे.

दरवर्षी सल्ला दिला जातो तो ‘खिडकी उघडी ठेवा’ एवढाच. थंडीत अंघोळ करणारा माणूस खिडकी बंद करणारच. त्याच्या सावधपणावर जीव अवलंबून असेल तर ती व्यवस्था चुकीची आहे. एक्झॉस्ट फॅनही पुरेसा नाही. हवा आत यायला जागा नसेल तर तो वर जाणारा जळका वायूच खोलीत खाली ओढू शकतो. खरा उपाय गिझरची जागा बदलण्याचा आहे. गिझर न्हाणीघराबाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा हवेशीर जागी बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा. ते अगदीच शक्य नसेल, तर जळका वायू थेट इमारतीबाहेर नेणारी नळी आणि हवा आत येण्यासाठी बंद न करता येणारी झरोक्याची जागा, दोन्ही हवीत.

गॅस गिझरवर सरसकट बंदी घालावी, असे कोणी म्हणेल. पण वीज बेभरवशाची असलेल्या आणि दरमहाचा खर्च जपून करणाऱ्या घरांवर तो अन्याय होईल. बंदीपेक्षा जबाबदारी ठरवणे महत्त्वाचे आहे. ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरातली गॅस उपकरणे दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासून घेणे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून, बॉयलरसारखे इंधन जाळणारे बसवलेले उपकरण भाड्याच्या घरातल्या ज्या खोलीत असेल, तिथे कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्मही लावावा लागतो. आपल्याकडे गिझर फ्लॅटबरोबर येतो. तो कोणी बसवला, शेवटचा कधी साफ झाला, हे भाडेकरूला ठाऊक नसते.

फार मोठी यंत्रणा उभारायची गरज नाही. शेगडी आणि रबरी नळी तपासायला गॅस वितरकाचा माणूस येतो, त्याच फेरीत त्याने गिझरची जागा, ज्योत आणि वायू बाहेर जाण्याची वाट पाहून लेखी शेरा द्यावा. न्हाणीघरात गिझर बसवून देणाऱ्या विक्रेत्याला त्या जोडणीबद्दल जबाबदार धरावे. भाडेकराराला गिझरच्या वार्षिक तपासणीची पावती जोडावी. गृहनिर्माण संस्थांनी दिवाळीआधी आपल्या इमारतीतले गॅस गिझर मोजले आणि आत बसवलेले बाहेर काढून घेतले, तर सरकारी आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. हे काम थंडी सुरू होण्याआधी व्हायला हवे.