सिकलसेल आणि कलम ३४

अपंग कोणास म्हणावे, हा वैद्यकशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले व त्यांत सिकलसेलचा समावेश केला. शिरपूरपासून चोपडा, यावल, रावेरपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिल्ल व पावरा समाजांत हा आनुवंशिक रक्तदोष आढळतो. साहजिकच खानदेशाला ही तरतूद मोलाची वाटली.

तथापि कायद्याने या रुग्णांच्या तोंडाला पानेच पुसली आहेत. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखणाऱ्या कलम ३४ मध्ये अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, मनोरुग्ण आहेत. रक्तदोषाचे रुग्ण नाहीत. उच्च शिक्षणातील ५ टक्के राखीव जागा मात्र त्यांना खुल्या आहेत. म्हणजे पावरा मुलाने पदवी घ्यावी आणि मग रांगेबाहेर उभे राहावे!

शिवाय या सवलतींना ४० टक्क्यांची अट आहेच. समाजातील अडथळ्यांमुळे ज्याचा सहभाग खुंटतो तो अपंग, असे व्याख्या म्हणते. टक्केवारी मात्र देहाचीच काढली जाते. सिकलसेलची कळ थंडीने, अतिश्रमाने, अंगातील पाणी कमी झाल्याने उठते. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात आठवडा अंथरुणात गेला की मजुरी बुडते, आणि दुखणे झोपडीतच निघाल्याने त्याचा कागद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात परीक्षेतील लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट गैरलागू ठरविली. (तो लढा सुशिक्षित परीक्षार्थीने दिला, शेतमजुराने कोठे जावे?)

कलम ३४ ची दुरुस्ती संसदेत व्हावयाची आहे व ती मागणी पक्षाने लावून धरली पाहिजे. तोवर प्रत्येक दुखण्याची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात करवून घेण्याचे काम पाड्यांवरील कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे.